पाटीवरचं नाव

नाशिकला द्वारकेच्या बाजूला जनरल वैद्य नगर आहे. बचत गटाच्या कामासाठी माझं तिथे नेहमी जाणं-येणं असतं. मागच्या महिन्यात गटातल्या एका मैत्रिणीची लेक बरोबर होती. बारावीतली पोर, एनडीएच्या परीक्षेसाठी झपाटलेली. रिक्षातून उतरताना पाटी वाचून म्हणाली, "मावशी, जनरल वैद्य म्हणजे सगळ्या आजारांवर औषध देणारे का हो?"

मी आधी पोट धरून हसले. मग वाटलं, हसायचं कशाला? आपणच कधी सांगितलं नाही, तर पोरींना कळणार कुठून?

मैत्रिणींनो, हे वैद्य म्हणजे जनरल अरुणकुमार वैद्य, भारताचे लष्करप्रमुख. मूळचे आपल्या अलिबागकडचे, जन्म १९२६ चा. १९४५ मध्ये सैन्यात अधिकारी झाले आणि रणगाडा दलात गेले.

१९६५ च्या युद्धात ते 'डेक्कन हॉर्स' या रेजिमेंटचे प्रमुख होते. पंजाबात खेमकरणजवळ असल उत्तर नावाचं गाव आहे. तिथे पाकिस्तानचे अमेरिकन बनावटीचे पॅटन रणगाडे चाल करून आले. वैद्यांच्या रेजिमेंटकडे होते दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले शर्मन रणगाडे. पण आपल्या सैन्याने उसाच्या शेतांत दबा धरला, शेतांत पाणी सोडून चिखल केला. पॅटन त्यात रुतले आणि एकेक करून टिपले गेले. शत्रूने इतके रणगाडे गमावले की त्या जागेला पुढे 'पॅटननगर' म्हणू लागले. या लढाईतल्या कामगिरीसाठी वैद्यांना महावीर चक्र मिळालं. १९७१ मध्ये शकरगडच्या आघाडीवर त्यांच्या ब्रिगेडने सुरुंग पेरलेली जमीन ओलांडून लढाई जिंकली आणि त्यांना दुसऱ्यांदा महावीर चक्र मिळालं. परमवीर चक्राच्या खालोखालचा हा मान, तोही दोनदा!

१९८३ मध्ये ते लष्करप्रमुख झाले. पुढच्याच वर्षी, जून १९८४ मध्ये, अमृतसरच्या सुवर्णमंदिरात 'ऑपरेशन ब्लू स्टार' झालं. निर्णय सरकारचा, पण पार पाडायचा लष्कराने, आणि लष्कराचे प्रमुख होते वैद्य. त्या कारवाईने शीख समाजाच्या मनाला खोल जखम झाली. नियती कशी असते बघा. ज्या पंजाबची शेतं-शिवारं त्यांनी १९६५ मध्ये वाचवली, त्याच पंजाबातली काही माणसं आता त्यांच्या जिवावर उठली.

३१ जानेवारी १९८६ ला ते निवृत्त झाले. एक्केचाळीस वर्षांची नोकरी! किती बदल्या, किती बंगले, किती वेळा सामान बांधलं आणि सोडलं असेल! नंतर दोघं पुण्यात राहायला आली. आपल्याकडे नवरा रिटायर झाला की बाई म्हणते ना, "चला, आता जरा निवांत!" तसंच त्या घरातही कुणी म्हटलं असेल.

निवांतपणा मिळाला सहा महिने. १० ऑगस्ट १९८६, रविवार. बाजारहाट करून दोघं घरी निघाली होती. मारुती गाडी जनरल स्वतः चालवत होते, शेजारी पत्नी. वाटेत मारेकऱ्यांनी गाडीजवळ येऊन गोळ्या झाडल्या. जनरल जागीच गेले. पत्नी आणि सुरक्षारक्षक जखमी झाले. त्या दोघा मारेकऱ्यांना १९९२ च्या ऑक्टोबरमध्ये येरवड्याला फाशी झाली.

रणगाड्यांच्या माऱ्यातून आणि सुरुंगांतून जो माणूस सुखरूप परत आला, तो बाजारातून घरी पोचला नाही. मला राहून राहून त्या शेजारच्या सीटचाच विचार येतो. पदकं एकाच्या छातीवर, गोळ्या मात्र दोघांच्या अंगावर. सैन्याच्या नोकरीत बायकोची भरती कुठल्या कागदावर होत नाही, आणि तिची निवृत्तीही होत नाही.

हे सगळं मी त्या पोरीला तिच्या घरी, तिच्या आईसमोर सांगितलं. आईचा एनडीएला आधीपासूनच विरोध. एनडीएत मुलींना २०२२ पासून प्रवेश मिळतोय, २०२५ मध्ये पहिल्या सतरा जणी तिथून बाहेरही पडल्या, हे तिला लेकीने शंभरदा ऐकवलंय. मला वाटलं, ही गोष्ट सांगून आपण त्या पोरीचंच नुकसान केलं. आई बराच वेळ गव्हाच्या परातीत बोटं फिरवत बसली. मग म्हणाली, "त्या बाईंचं नाव काय हो?"

"भानुमती."

"त्यांच्या नावाची पाटी आहे का कुठे?"

मी कधी पाहिलेली नाही. लेक मध्येच म्हणाली, "आई, मी जनरल झाले तर पाटीवर तुझंही नाव लावू."

आई हसली नाही. "आधी अभ्यास कर," एवढंच म्हणाली. पण इतक्या दिवसांत 'नको जाऊस' हे शब्द पहिल्यांदाच तिच्या तोंडून आले नाहीत.