शब्दांचं मूळगाव : ऑप्शन

गेल्या रविवारी 'मेरिट' झाला, आज त्याचा सोबती. दहावी-बारावीची परीक्षा दिलेल्या माणसाला 'ऑप्शन' शिकवावा लागत नाही. फेब्रुवारीत बीडच्या कुठल्याही अभ्यासिकेबाहेर चहाला थांबा. "इंटिग्रेशन झालं का रे?" "छ्या, ऑप्शनला टाकलं." प्रश्नपत्रिका म्हणते, 'कोणतेही चार सोडवा'. म्हणजे हक्क निवडण्याचा. पोरांच्या तोंडी मात्र ऑप्शन म्हणजे जे सोडून द्यायचं ते. इंग्रजी शब्द मराठवाड्यात येईतो पार उलटा झाला, आणि मला विचाराल तर हा उलटा अर्थच जास्त खरा आहे.

मूळ लॅटिन. 'ऑप्टारे' म्हणजे इच्छा धरणे, निवडणे. त्यावरून 'ऑप्टिओ', निवड. रोमन सैन्यात ऑप्टिओ नावाचा हुद्दाच होता. सेंच्युरियन हा तुकडीचा प्रमुख, ऑप्टिओ त्याच्या हाताखालचा. सेंच्युरियनने स्वतः निवडलेला म्हणून ऑप्टिओ, असं जुने रोमन पंडित सांगतात. निवड साहेबाची, नाव चिकटलं निवडलेल्याला! सतराव्या शतकाच्या सुरुवातीला शब्द इंग्रजीत रुळला. 'ॲडॉप्ट' त्याच घरातला. लॅटिनने तिथे निवडून घेणाऱ्याकडे पाहिलं. आपला 'दत्तक' देणाऱ्याकडे पाहतो. 'को-ऑप्ट'ही भाऊबंदच. नगरपालिकेतल्या स्वीकृत सदस्याबद्दल जुनी मंडळी "त्याला कोऑप करून घेतलं" असं म्हणतात, तो हाच.

आपले शब्दही सरळ नाहीत. 'पर्याय' म्हणजे मुळात पाळी, आळीपाळीने येणारी. 'विकल्प' म्हणजे शंका; "मनात विकल्प आणू नका" असं आजी म्हणायची ते त्याच अर्थाने. सरकारी कचेरीत मात्र वेतन आयोग आला की 'विकल्प' भरून द्यायचा असतो, आणि मुदतीत दिला नाही तर नवी वेतनश्रेणीच निवडली असं धरलं जातं. गप्प बसणं हीसुद्धा निवड!

पीकविम्यात हेच झालं. प्रधानमंत्री पीक विमा योजना 2016 साली आली तेव्हा पीककर्ज घेणाऱ्याला विमा सक्तीचा होता. हप्ता कर्जखात्यातून परस्पर कापला जाई. 2020च्या खरिपापासून तो ऐच्छिक झाला. पण कसा? विमा नको असेल तर कर्जदाराने मुदतीच्या सात दिवस आधी बँकेला तसं लेखी द्यायचं. नाही दिलं तर हप्ता कापला जाणारच. विमा हवा असं सांगायला कर्जदाराला कागद लागत नाही, नको म्हणायला लागतो. ऑप्शनला टाकण्याचं हे सरकारी रूप.

त्याच खरिपात बीडमध्ये दुसरी बाजूही दिसली. वारंवारचा दुष्काळ, भरपाईचे मोठे दावे. जिल्ह्याच्या निविदेला विमा कंपन्याच पुढे येईनात. अभ्यासिकेच्या भाषेत सांगायचं तर कंपन्यांनी अख्खा बीड जिल्हा ऑप्शनला टाकला. शेतकऱ्याला तशी सोय कुठली? पाऊस ऑप्शनला टाकून सोयाबीन पेरता येत नाही.

शेवटी सरकारी मालकीची भारतीय कृषी विमा कंपनी आली, तीही नव्या अटीवर. भरपाई जमा हप्त्याच्या 110 टक्क्यांवर गेली तर वरचा भार राज्याने उचलायचा. 80 टक्क्यांच्या आत राहिली तर कंपनीने 20 टक्के ठेवून उरलेले पैसे राज्याला परत करायचे. हाच तो 'बीड पॅटर्न'. पहिल्याच हंगामात दावे कमी निघाले, पैसे परत करायची वेळ आली, आणि मग ही अट इतरांनाही हवीशी वाटू लागली.

शेअर बाजारातला 'ऑप्शन' मात्र पैसे मोजून घ्यावा लागतो. ठरल्या भावाने घ्यायचा किंवा विकायचा हक्क, बंधन नाही. त्यासाठी जी रक्कम मोजायची तिला 'प्रीमियम' म्हणतात, विम्याच्या हप्त्याला म्हणतात तेच नाव. पुढच्या रविवारी 'प्रीमियम' घेऊ.