सरासरीआड दडलेली मुलं

बालरोगतज्ज्ञ म्हटलं, की आपल्या डोळ्यांसमोर तापलेल्या मुलाची छाती तपासणारा डॉक्टर येतो. त्याला संशोधनाचं शिक्षण कशाला हवं, असं कुणालाही वाटेल. अमेरिकेतल्या फ्लिंट शहरात काय घडलं ते पाहिलं, म्हणजे त्याचं उत्तर मिळतं.

मिशिगन राज्यातलं हे शहर बहुसंख्य कृष्णवर्णीयांचं आणि गरीब. एप्रिल २०१४ मध्ये खर्च वाचवण्यासाठी डेट्रॉइटचं पाणी बंद करून फ्लिंट नदीचं पाणी नळांना सोडण्यात आलं. नळ गंजू नयेत म्हणून मिसळायचं रसायन मात्र मिसळलंच नाही. जुन्या नळांतलं शिसं पाण्यात उतरू लागलं. शिशाला ना वास, ना चव. पण मुलांच्या वाढत्या मेंदूला ते कायमची इजा करतं. लोक तक्रारी करत होते आणि पाणी सुरक्षित असल्याचं सरकार सांगत होतं.

तिथल्या बालरोगतज्ज्ञ डॉ. मोना हॅना-अतिशा यांनी सार्वजनिक आरोग्याचंही शिक्षण घेतलं होतं. त्यांनी रक्ततपासणीच्या नोंदी काढल्या. उन्हाळ्यात मुलांच्या रक्तातलं शिसं एरवीही वाढतं, म्हणून २०१३ आणि २०१५ या वर्षांतले तेच महिने तुलनेला घेतले. आणखी एक मेख होती. फ्लिंटचे पिनकोड शहराबाहेरही पसरलेले आहेत. पिनकोडनुसार हिशेब केला, की डेट्रॉइटचं पाणी पिणारी बाहेरची मुलं त्यात मिसळतात आणि वाढ झाकली जाते. म्हणून मुलांचे पत्तेच नकाशावर मांडले.

आता चित्र स्पष्ट झालं. पाच वर्षांखालच्या ज्या मुलांच्या रक्तात शिसं जास्त होतं, त्यांचं प्रमाण २.४ टक्क्यांवरून ४.९ टक्क्यांवर गेलं होतं. सर्वाधिक झळ बसलेल्या भागांत ४ वरून १०.६ टक्क्यांवर. शहराबाहेर लक्षणीय फरक नव्हता.

२४ सप्टेंबर २०१५ रोजी शिसं वाढल्याचे सुरुवातीचे निष्कर्ष जाहीर झाले. सरकारी अधिकाऱ्यांनी आधी ते नाकारले, पण काही दिवसांतच त्यांना ते मान्य करावे लागले. ऑक्टोबरमध्ये डेट्रॉइटचं पाणी पुन्हा सुरू झालं.

दवाखान्यात डॉक्टरसमोर एका वेळी एकच मूल असतं. एकेकट्या मुलाकडे पाहून हे शिसं कळलं नसतं. तुलना कुणाशी करायची, सरासरीआड कोण दडलंय हे कसं शोधायचं आणि निष्कर्ष सरकारपुढे कसा मांडायचा, हे शिकावं लागतं. शिशानं झालेली इजा औषधानं पुरती भरून येत नाही. म्हणूनच मुलांच्या डॉक्टरला हे शिक्षण हवं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)