खोलणाऱ्याची वही

सकाळी सहा

गॅरेजचं दार वर करण्याआधी पाण्याच्या बंबाचा गॅस बंद केला. अमेरिकेत पुष्कळ घरांत हा बंब गॅरेजमध्येच असतो, आणि जुन्या बंबाच्या बुडाशी एक बारीक ज्योत रात्रंदिवस जळत असते. आज ज्या ट्रकला हात घालायचा आहे त्याची पेट्रोलची टाकी केबिनच्या आत, सीटच्या पाठीमागे आहे. ती काढताना थोडंफार पेट्रोल सांडणार, निदान वाफ तरी सुटणारच. ही वाफ हवेपेक्षा जड. जमिनीलगत सरपटत जाते आणि ज्योत गाठते. संध्याकाळपर्यंत गरम पाणी मिळणार नाही हे घरात काल रात्रीच जाहीर केलं होतं. त्यावर जे ऐकायचं ते ऐकून झालं आहे.

ट्रक १९७० सालचा शेव्हर्ले सी-१० आहे. आठ फुटी हौदा, पुढच्या-मागच्या चाकांत १२७ इंचांचं अंतर, सहा सिलिंडरचं २५० घनइंची इंजिन. गिअर तीन, आणि त्यांची दांडी स्टिअरिंगपाशी, आपल्या जुन्या अॅम्बॅसडरला असायची तशी. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर नंबरची पट्टी रिव्हेट मारून बसवलेली आहे. तिची सुरुवात ‘सीएस१४०एफ’ अशी. सी म्हणजे फक्त मागच्या चाकांना ताकद देणारा, एस म्हणजे सहा सिलिंडर, १ म्हणजे अर्धा टन, ४ म्हणजे पिकअप, शून्य म्हणजे १९७० आणि एफ म्हणजे फ्लिंट. हे फ्लिंट आमच्या घरापासून तासाभरावर आहे. ट्रक जन्मगावापासून फार लांब गेलेलाच नाही, आणि त्याच्या गंजाचं कारणही तेच. मिशिगनमध्ये हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात. ते मीठ येतं डेट्रॉइट शहराच्या पोटातून, अकराशे फुटांहून खोल असलेल्या खाणीतून. ज्या गावाने अमेरिकेला गाड्या दिल्या, त्याच गावाच्या खालून त्या गाड्या खाणारं मीठ निघतं. असला विनोद निसर्गालाच सुचतो.

सात

पाने अजून पेटीतच आहेत. आधी फोटो. प्रत्येक फट, प्रत्येक वायर, प्रत्येक नळी लांबून एकदा आणि जवळून एकदा. मग झिपवाल्या पिशव्या, जाड मार्कर, कागदी चिकटपट्टी आणि दोनशे पानी वही.

वहीशिवाय या कामाला हात लावू नये असं माझं ठाम मत आहे. जुन्या गाड्यांच्या जाहिराती चाळताना एक वाक्य हमखास भेटतं: ‘गाडी खोललेली आहे, सर्व भाग खोक्यांत.’ म्हणजे कुणीतरी उत्साहाच्या भरात दोन शनिवार-रविवार पाने फिरवले, बोल्ट सगळे एका बादलीत टाकले, आणि वर्षभराने त्या बादलीकडे बघून हात टेकले. खोलायला अक्कल लागत नाही, जोर लागतो. जोडायच्या वेळी जी अक्कल लागते, ती मात्र खोलतानाच वहीत उतरवून ठेवावी लागते. पंचनामा करताना कसं, वस्तू हलवायच्या आधी ती कुठे, कशी, कोणत्या तोंडाने होती हे लिहितात. तेवढंच करायचं असतं.

जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला कारखाना काढला तेव्हा तिथे गाड्या सुट्या भागांच्या रूपात खोक्यांतून उतरत आणि इथले कामगार त्या जोडत. त्यांच्या खोक्यांवर याद्या होत्या. माझ्या खोक्यांवरची यादी मलाच करायची आहे.

साडेसात

कोल्हापुरात संध्याकाळचे पाच. मामांचा व्हिडिओ कॉल. मामांचं आयुष्य ट्रक आणि ट्रॉल्या उघडण्यात गेलं. त्यांना ट्रक दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, मडगार्डाखालचा बोल्ट जवळून बघितला आणि म्हणाले, “तेल सोडलंयस का?”

“गेला आठवडाभर रोज मारतोय, मामा.”

“मग आधी आवळ, मग सोड. उलटा जोर लगेच लावू नगंस. जरा पुढं हलला की गंजाचं कवाड फुटतंय. न्हाई सुटला तर तापीव. पाइप लावून ताणलास तर मुंडकं हातात येतंय बघ.”

हे त्यांचं शास्त्र अमेरिकन गंजालाही लागू पडतं. नुसतं सोडवायला गेलं तर जाम झालेला बोल्ट पिळला जातो. अगदी थोडा आवळला तर आट्यांमधला गंज तडकतो, त्या तड्यातून तेल आत शिरतं, मग मागे-पुढे, मागे-पुढे करत तो बाहेर येतो. तापवायची पाळी आली तर लोखंड गरम असतानाच आट्यांना मेणबत्ती टेकवायची. वितळलेलं मेण आत ओढलं जातं. पण टाकी गाडीत आहे तोवर आग नाही. म्हणून दिवसाचा क्रम ठरूनच जातो: बॅटरी, टाकी, आणि मग बाकी सगळं.

आठ

बॅटरीची आधी ऋण तार, मग धन. रेडिएटरचं पाणी पसरट परातीत काढलं आणि परातीवर लगेच फळी ठेवली. हे हिरवं पाणी गोडसर असतं, कुत्रं चाटायला येतं आणि मरतं. शेजाऱ्यांचं कुत्रं आमच्या दारात नेहमीच असतं.

सीटचे बोल्ट सहज सुटले. सीट निघाल्यावर टाकी समोर. पन्नास वर्षांपूर्वी ड्रायव्हर पंच्याहत्तर-एक लिटर पेट्रोल पाठीशी घेऊन सिगारेट ओढत गाडी हाकत होते, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. १९७३च्या नव्या घाटात टाकी केबिनबाहेर गेली. जुनं पेट्रोल हातपंपाने डब्यांत काढलं. त्याला आता पेट्रोलचा वास राहिलेला नाही, व्हार्निशचा येतो. टाकी बाहेर अंगणात, सावलीत. गॅरेजचं दार तासभर सताड उघडं.

दहा

शेजारचे गृहस्थ कॉफीचा मग घेऊन आले. मोटारीच्या कारखान्यात हयात घालवून निवृत्त झालेले. त्यांच्या मदतीने हूड उतरवलं. बिजागऱ्यांभोवती मार्करने रेघ ओढली, म्हणजे परत बसवताना तीच जागा. बिजागऱ्यांच्या स्प्रिंगा दणकट असतात आणि बोट मध्ये सापडलं तर डॉक्टरकडेच जायचं, म्हणून दोन बाजूंना दोन माणसं हवीतच.

मग ग्रिल, दिवे, बंपर. यात सांगण्यासारखं काही नाही, पिशव्या भरत जातात.

थांबावं लागलं ते उजव्या मडगार्डाला. मडगार्ड केबिनला जिथे बोल्टाने धरलेला असतो तिथे, बोल्टाच्या मागे, घोड्याच्या नालेच्या आकाराच्या पातळ पत्र्याच्या चकत्या निघाल्या. गॅरेजात यांना शिम म्हणतात, आपल्याकडे नुसतं पॅकिंग. उजवीकडे तीन, डावीकडे एक. मडगार्ड आणि दार यांमधली फट वरपासून खालपर्यंत सारखी यावी म्हणून फ्लिंटच्या कारखान्यात कुणीतरी हाताने हे सरकवले. प्रत्येक गाडीला वेगळे, कारण प्रत्येक पत्रा थोडा वेगळा दाबला गेलेला. यांची नोंद कुठल्याही पुस्तकात मिळत नाही, मिळणारही नाही. उतरवताना हे शिम खाली पडले आणि कुठले कुठून आले ते कळेनासं झालं, तर रंगरंगोटी झाल्यावर दार मडगार्डाला घासतं आणि नवा रंग उडतो.

म्हणून बोल्ट अर्धा सुटल्यावर हात थांबवायचा, फोटो काढायचा, शिम तारेत ओवायचे, तारेला चिठ्ठी: ‘उजवा मडगार्ड, वरचा मागचा, ३’. फटही मोजली. मोजपट्टी आत जात नाही, म्हणून ड्रिलचे बिट एकेक सरकवून बघायचे. जो बिट अलगद जातो तो आकडा वहीत.

शेजारी वही बघून हसले. “आम्ही हे शिफ्ट संपायच्या घाईत ठोकायचो, आणि तुम्ही त्याची नोंदवही ठेवताय!”

“तुमच्या घाईनेच फट जुळली ना?” मी म्हणालो. त्यावर मात्र ते खूश झाले.

साडेबारा

मिसळ. इथल्या मराठी मंडळातले दोन मित्र हौदा उचलायला आले आहेत, आणि मिसळीशिवाय ते येत नाहीत. एकाने ट्रकभोवती चक्कर मारून विचारलं, “एवढ्या पैशात नवा येईल ना रे?” येईल. पण नव्या ट्रकमध्ये माझा हात जाईल एवढी जागा हूडखाली नसते. इथे इंजिनाच्या बाजूला उभा राहून मी काम करू शकतो. शिवाय १९६७ ते १९७२ च्या या ट्रकांचा जवळजवळ प्रत्येक पत्रा आज नवा बनून मिळतो. दुर्मीळ गाडी खोलायला घ्यायची असेल तर खिसा आणि सहनशक्ती दोन्ही वेगळ्या मापाची लागतात.

दीड

हौदा. मागचं फळकं आधी काढलं, तेवढंच वजन कमी. मागच्या दिव्यांची वायर सोडली. तळाला लाकडी फळ्या आहेत, मधल्या फटींवर लोखंडी पट्ट्या. फळ्या कुजल्यात. या बोल्टांचं डोकं गोल आणि मान चौकोनी असते. मान लाकडात रुतून बसते म्हणून एकाच पान्याने खालची चाकी फिरवता येते. लाकूडच भुसभुशीत झालं की मान नुसती गरगरते आणि बोल्ट हसत बसतो. इथे आवळ-सोडचं शास्त्र संपलं. खालून ग्राइंडर. टाकी अंगणात आहे म्हणून ठिणग्यांची भीती नाही.

शेजारी धरून चौघांनी एक-दोन-तीन म्हणत हौदा उचलला आणि लाकडी घोड्यांवर नेऊन ठेवला. चासी उघडी पडली.

जुन्या पिकअपमध्ये मागे पाट्यांच्या स्प्रिंगा असतील अशी अपेक्षा असते. या ट्रकला गुंडाळीच्या स्प्रिंगा आहेत, आणि अॅक्सलला धरणारे दोन लांबलचक दांडे पार मध्यापर्यंत पुढे गेलेले. ही मांडणी इतकी चांगली निघाली की अमेरिकेतल्या नॅस्कारच्या कप मालिकेतल्या शर्यतीच्या गाड्यांनी मागच्या बाजूला ती २०२१ पर्यंत वापरली. शेळ्या आणि चारा वाहायला बनवलेल्या ट्रकचा दांडा शर्यतीत! मित्रांनी लगेच फोन काढून दांड्याशेजारी फोटो काढून घेतले.

साडेतीन

मित्र गेले. चाकं उतरवून चासी घोड्यांवर घेतली. नुसत्या जॅकच्या भरवशावर ट्रकखाली जायचं नाही, मग जॅक कितीही नवा असो. १९७०च्या सी-१० ला चारही चाकांना ड्रम ब्रेक. पुढचे डिस्क ब्रेक १९७१ पासून सगळ्यांना आले. ड्रम काढताना मास्क, आणि हवेचा झोत अजिबात नाही. जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असतो. धूळ ओली करून फडक्याने पुसायची आणि फडकं पिशवीत बंद. आपल्याकडे अजूनही काही गॅरेजांत पोरं तोंड जवळ नेऊन ड्रम हवेने फुंकतात. ते बघवत नाही.

एक ब्रेकची नळी पान्याबरोबर पिळून तुटली. तिचं काही नाही, नळ्या नव्याच टाकायच्या आहेत. चासीला आत्ता काही करायचं नाही. तारेच्या ब्रशने दोन-चार ठिकाणी खरवडून बघितलं, लोखंड खणखणीत आहे.

पाच

आता खरी परीक्षा. केबिनमधली रबराची चटई उचलली. मीठ-पाणी चटईखाली वर्षानुवर्षं बसून राहिलेलं. पायाखालच्या पत्र्यातून जमीन दिसते. दाराखालचा उंबरठ्याचा पोकळ पत्रा स्क्रू-ड्रायव्हर टेकवला तर आत जातो. केबिनचे मागचे दोन्ही खालचे कोपरे रंगाच्या जोरावरच उभे आहेत. या सगळ्या जागा या ट्रकच्या ठरलेल्या दुखण्याच्या, त्यामुळे धक्का नाही.

शेजाऱ्यांचं म्हणणं, केबिन आजच चासीवरून उतरवून टाकावी, शेवटचा बोल्टही सुटा करावा, तरच काम नीट होतं. खूप लोक तसं करतात, आणि चकचकीत मासिकांतले फोटो बघून मलाही तो मोह होतो. पण उंबरठे आणि कोपरे कुजलेली केबिन उचलली तर ती वाकते, आणि एकदा वाकलेल्या केबिनला दारं परत कधी सरळ बसत नाहीत. केबिन चासीवर आहे, तिच्या चारही बुशांवर आहे, दारं जागेवर आहेत, फट मोजलेली आहे: याच अवस्थेत एका बाजूचा उंबरठा कापायचा, आतून आडवे गज वेल्ड करून दाराची चौकट धरून ठेवायची, नवा पत्रा बसवायचा, दार लावून फट बघायची, मगच दुसरी बाजू. खोलायचं काय यापेक्षा कशाला अजून हात लावायचा नाही, हे ठरवायला जास्त विचार लागतो. हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी खांदे उडवले आणि कुत्र्याला हाक मारून घरी गेले.

साडेसात

लेक खाली आली. “बाबा, पाणी?” गॅरेजमध्ये आता पेट्रोलचा वास नाही, टाकी बाहेर, दार दिवसभर उघडं. तरी जमिनीलगत नाक नेऊन खात्री केली आणि मग बंब पेटवला. ती उभी राहून पिशव्यांवरची नावं मोठ्याने वाचत गेली, मी वहीत खूण करत गेलो. एका पिशवीवर नुसतं ‘हे’ असं लिहिलं होतं, आणि ते अक्षर तिचंच होतं. सकाळी मदतीला आली तेव्हाचं. उघडून बघितलं, ग्रिलचे स्क्रू निघाले. नाव घातलं.

मागवायची यादी: दोन उंबरठे, दोन कोपरे, पायाखालचे पत्रे, फळ्या आणि लोखंडी पट्ट्यांचा संच, ब्रेकच्या सगळ्या नळ्या, केबिनची बुशं. पुढचे डिस्क ब्रेक घ्यायचे की नाही यावर रात्री जेवताना चर्चा होईल आणि बहुधा घ्यायचेच ठरेल, कारण हा ट्रक चालवायला आहे, प्रदर्शनात ठेवायला नाही.

इंजिन पुढच्या शनिवारी. गिअरबॉक्ससकट उचलायचं तर उचलणी लागते. ती शेजाऱ्यांच्या जावयाकडे आहे, आणि जावई शुक्रवारी रात्री मासे पकडायला तळ्यावर गेले नाहीत तरच मिळणार आहे.