उपग्रहाला दिसते ती हिरवाई, जंगल नव्हे

वृक्षतोडीवर वाद पेटला की कुणीतरी हमखास म्हणतं, "उपग्रहाच्या नकाशात तर सगळं हिरवंच आहे!" नकाशा खोटा नसतो, पण जंगल म्हणून तो काय मोजतो, हे आधी पाहायला हवं. भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येत किमान एक हेक्टर जागेत झाडांच्या छत्राने किमान १० टक्के जमीन झाकलेली असली की ते वनाच्छादन. मालकी, जमिनीचा वापर, झाडाची जात, काहीच आड येत नाही. त्यामुळे कोकणातली काजूबाग आणि रबराची लागवडही त्यात येते. दोडामार्गच्या उतारावरचे ऐन, किंजळ तोडून तिथे रबर लावलं, तर काही वर्षांनी नकाशावरची तूट भरून निघते. तिथलं जंगल मात्र परत आलेलं नसतं.

ही बदली पकडता येत नाही, असंही नाही. रबराची पानं हिवाळा सरता सरता एकदम झडतात. शेजारचं सदाहरित रान तेव्हाही हिरवंगार असतं. एकाच जागेची वर्षभरातली चित्रं ओळीने लावली की लागवड उघडी पडते. मला या शास्त्रातला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

उलटा गैरसमजही तितकाच घातक: हिरवेपणा घटला, म्हणजे तोड झाली. निरोगी पान लाल प्रकाश शोषतं आणि जवळचा अवरक्त प्रकाश जोरात परतवतं. या दोहोंतल्या फरकावरून हिरवेपणा काढतात. पण विदर्भातला साग उन्हाळ्यात निष्पर्णच असतो. पावसाळ्यात अळी पानांचा गर खाऊन नुसत्या शिरा ठेवते, तेव्हा जिवंत सागवनही तपकिरी दिसतं. म्हणून नोव्हेंबरची तुलना नोव्हेंबरशीच करावी.

उपग्रह चोवीस तास पहारा देतात, हेही खरं नाही. सेंटिनेल-२ ची जोडी साधारण पाच दिवसांनी त्याच जागेवरून जाते, आणि पावसाळ्यात ढग आड येतात. ढगांतून पाहायला रडार लागतं.

शिवाय वन सर्वेक्षण वापरत आलेल्या लिस-३ या उपग्रहावरच्या कॅमेऱ्याच्या चित्रातला एक ठिपका २३.५ मीटर लांब-रुंद, म्हणजे सुमारे ५५० चौरस मीटरचा. त्यातलं एखादंच झाड गेलं, तर ठिपक्याचा रंग फारसा बदलत नाही. लँडसॅट उपग्रहांची १९७२ पासूनची चित्रं २००८ पासून मोफत मिळतात. ग्रामसभेने ती जरूर काढावीत, पण सोबत जागेवर जाऊन बुंधेही मोजावेत.