दत्तक घेतलेल्या कुत्र्याला घराबाहेर शी-शू करण्याची सवय कशी लावावी?

रस्त्यावरील कुत्रा दत्तक घेण्यासाठी इच्छुक व्यक्तीला आपल्या महानगरपालिकेकडे किंवा नगरपालिकेकडे अर्ज करता येतो. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजीच्या आदेशात ही बाब स्पष्ट केली आहे. त्यानुसार निश्चित केलेल्या कुत्र्याला ओळखीचा टॅग लावून तो अर्जदाराच्या ताब्यात दिला जातो. त्याच आदेशात एक महत्त्वाची अट आहे: दत्तक दिलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर जाणार नाही, याची जबाबदारी अर्जदाराची असते.

ही अट पाळताना खरी परीक्षा पहिल्या काही आठवड्यांत होते. कुत्रा घरात लघवी करतो, घरातील माणसे वैतागतात, शेजारी तक्रार करतात आणि मग "सोडून देऊ या" असा विचार मनात येतो. ही सवय बहुतेक कुत्र्यांना लागते. त्यासाठी महागडे साहित्य किंवा प्रशिक्षक लागतोच असे नाही. ठरलेल्या वेळा पाळणे आणि धीर धरणे मात्र आवश्यक आहे.

कुत्रा घरात घाण का करतो?

कुत्रा हे मुद्दाम किंवा राग काढण्यासाठी करत नाही. आजवर रस्त्यावर राहिलेल्या कुत्र्याला "घर" आणि "बाहेर" हा फरकच माहीत नसतो. नवीन जागेची भीती, बदललेले अन्न आणि अनोळखी माणसे यांमुळेही पहिल्या दिवसांत त्याचे नियंत्रण सुटते.

एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. कुत्रा शक्यतो आपण झोपतो आणि खातो ती जागा घाण करत नाही. शिवाय रस्त्यावरील कुत्र्याला माती-गवतावर जाण्याची सवय आधीपासून असते. त्याला फक्त ठरलेली वेळ आणि ठरलेली जागा शिकवायची असते.

घरी आणण्यापूर्वीची तयारी

• गळ्यातील पट्टा आणि सुमारे दीड मीटरची दोरी.
• झोपण्यासाठी एक कोपरा व जुने गोणपाट किंवा चादर.
• बाहेरची एक ठरलेली जागा, शक्यतो मातीची आणि कमी वर्दळीची.
• घरातील सर्वांची एकवाक्यता: कोणी, केव्हा बाहेर न्यायचे आणि कोणता शब्द वापरायचा.

रोजचे वेळापत्रक

प्रौढ कुत्र्याला पहिल्या आठवड्यात दिवसा दर दोन-तीन तासांनी बाहेर न्यावे. पुढील वेळा कधीही चुकवू नयेत:

१. सकाळी उठल्याबरोबर.
२. प्रत्येक जेवणानंतर १५ ते ३० मिनिटांच्या आत.
३. दुपारच्या झोपेनंतर किंवा खेळून झाल्यावर.
४. रात्री झोपण्यापूर्वी.

जेवण दिवसातून दोन वेळा, ठरलेल्या वेळी द्यावे. खाण्याची वेळ ठरली की शौचाची वेळही ठरते. दिवसभर भांड्यात अन्न भरून ठेवू नये. पाणी मात्र तोडू नये; घरात लघवी होऊ नये म्हणून कुत्र्याला तहानलेले ठेवणे धोक्याचे आहे.

बाहेर नेल्यावर त्याच जागी शांत उभे राहावे. कुत्रा वास घेईल, गोल फिरेल. त्याने लघवी किंवा शौच केल्याबरोबर, म्हणजे दोन-तीन सेकंदांत, कौतुक करावे आणि पोळीचा किंवा उकडलेल्या अंड्याचा छोटा तुकडा द्यावा. घरी परतल्यावर दिलेल्या खाऊचा संबंध त्याला लागत नाही. काम झाल्यावर थोडे फिरवावे. लगेच घरी आणल्यास तो पुढच्या वेळी मुद्दाम वेळ लावू लागतो.

दहा मिनिटांत काही झाले नाही तर घरी आणून दोरीने आपल्याजवळ ठेवावे आणि पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा न्यावे. जमीन हुंगत फिरणे, अस्वस्थ होणे, दाराकडे जाणे किंवा कोपरा शोधणे या खुणा दिसताच बाहेर न्यावे. ज्या वेळी त्याच्यावर लक्ष ठेवणे शक्य नाही, त्या वेळी त्याला सर्व घरात मोकळे सोडू नये.

घरात लघवी झाली तर

• करताना दिसला तर टाळी वाजवून थांबवावे आणि लगेच बाहेर न्यावे.
• नंतर लक्षात आले तर फक्त स्वच्छ करावे. काही मिनिटांनंतर दिलेली शिक्षा कशासाठी आहे, हे कुत्र्याला कळत नाही.
• मारू नये, त्याचे नाक लघवीत घासू नये. अशाने कुत्रा आपल्यासमोर लघवी करण्यास घाबरतो आणि लपून, खाटेखाली किंवा दारामागे करू लागतो.
• जागा साबणाच्या पाण्याने धुवावी. नंतर व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन पुसावी. वास राहिला तर कुत्रा पुन्हा तिथेच जातो.
• फिनाईलचा उग्र वास आपल्याला स्वच्छ वाटतो, परंतु ते चाटण्यात आल्यास कुत्र्याला अपायकारक ठरते. वापरलेच तर फरशी पूर्ण वाळेपर्यंत कुत्र्याला दूर ठेवावे.

लहान घर, वरचा मजला आणि पावसाळा

एका खोलीच्या घरातही ही सवय लावता येते. कुत्रा सतत नजरेसमोर राहत असल्याने उलट सोपे जाते. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी जिना उतरण्याचा वेळ धरून थोडे आधी निघावे. अनेक कुत्री पावसात बाहेर जाण्यास तयार नसतात. अशा दिवसांसाठी जवळची एखादी आडोशाची जागा आधीच दाखवून ठेवावी.

पिल्लू असेल तर

पिल्लाला लघवी रोखून धरता येत नाही. ढोबळमानाने दोन महिन्यांचे पिल्लू दोन ते तीन तास, तर तीन महिन्यांचे तीन ते चार तास थांबू शकते. रात्री एकदा तरी उठावे लागते. लसीकरण पूर्ण होईपर्यंत इतर कुत्री शौच करतात अशा जागी त्याला नेऊ नये, कारण पार्व्होसारखा जीवघेणा आजार विष्ठेतून पसरतो. तोपर्यंत स्वतःचे अंगण, गच्ची किंवा माती भरलेली घमेली वापरावी.

पशुवैद्यकाकडे केव्हा जावे?

सवय लागलेला कुत्रा अचानक घरात लघवी करू लागला, वारंवार थेंब-थेंब लघवी होत असेल, लघवीत रक्त दिसले, जुलाब झाले किंवा विष्ठेत जंत दिसले तर तो आजार आहे, वाईट सवय नव्हे. जवळच्या शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावे. अनेक राज्यांत फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा निःशुल्क क्रमांक आहे. आपल्या भागात कुत्र्यांसाठी ही सेवा मिळते का, ते फोनवर विचारून घ्यावे.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न: सवय लागण्यास किती दिवस लागतात?
उत्तर: वेळा काटेकोर पाळल्यास अनेक प्रौढ कुत्री काही आठवड्यांत शिकतात. पिल्लांना काही महिने लागू शकतात. मधूनच एखादी चूक झाली तर नेहमीच्या वेळापत्रकाकडे परत यावे.

प्रश्न: कुत्र्याच्या एका कानाला खाच आहे. याचा अर्थ काय?
उत्तर: त्याची नसबंदी झाली असून त्या वेळी रेबीजची लस दिली गेली, याची ती खूण आहे. ही लस पुढेही पशुवैद्यकाच्या सल्ल्याने नियमित द्यावी लागते.

प्रश्न: बाहेर केलेली विष्ठा कोणी उचलायची?
उत्तर: कुत्रा पाळणाऱ्यानेच. सोबत कागद किंवा पिशवी ठेवावी. शेजाऱ्यांच्या बहुतांश तक्रारी इथेच थांबतात. नोंदणीचे नियम व शुल्क प्रत्येक शहरात वेगळे आहे. त्याची चौकशी आपल्या स्थानिक संस्थेकडे करावी.

प्रश्न: साफ करताना किंवा ओढताना कुत्रा चावला तर?
उत्तर: जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी शासकीय रुग्णालयात जावे. कुत्रा पाळीव आहे किंवा त्याला लस दिली आहे, म्हणून टाळाटाळ करू नये.

प्रश्न: सर्व प्रयत्न करूनही जमले नाही तर?
उत्तर: कुत्र्याला बाजारात, महामार्गावर किंवा दुसऱ्या वस्तीत सोडू नये. प्राण्यास क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यातील कलम ११ नुसार पुरेशा कारणाशिवाय प्राणी सोडून देणे आणि त्याला मारहाण करणे हे गुन्हे आहेत. घराची सवय झालेला कुत्रा अनोळखी भागात सहसा टिकाव धरत नाही. ज्या संस्थेकडून कुत्रा घेतला, तिला वेळेत कळवावे आणि दुसरे घर मिळेपर्यंत त्याला आपल्याकडेच ठेवावे.

लक्षात ठेवा: ठरलेली वेळ, ठरलेली जागा, लगेच कौतुक आणि चुकीवर शिक्षा नाही. पहिले काही आठवडे एवढे पाळले, तर दत्तक घेतलेला कुत्रा आपल्या घरी कायमचा राहू शकतो.