भोंगा वाजला की मोबाईल बाजूला

पुणे जिल्ह्यातल्या भोर आणि वेल्हे तालुक्यांच्या वाड्यावस्त्यांवर (वेल्ह्याचं सरकारी नाव आता राजगड) मुलांच्या हाती मोबाईल आला तो शाळेच्या निमित्ताने. मार्च २०२० मध्ये शाळांना कुलपं लागली आणि अभ्यास व्हॉट्सअ‍ॅपवर येऊ लागला. कानंदी-गुंजवणीच्या खोऱ्यांत, डोंगरकुशीतल्या वाड्यांवर रेंजची मारामार, तरी पोराचं वर्ष वाया जायला नको म्हणून पोटाला चिमटा काढून फोन घेतले गेले. त्याच वर्षी २९ जूनला टिकटॉकवर बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणल्या. अभ्यासाचं साधन आणि कधीच न संपणारी करमणूक एकाच खोक्यातून घरात शिरली.

शाळा पुन्हा भरल्या, फोन मात्र मुलांच्या हातातच राहिला.

आजही गृहपाठ वर्गाच्या ग्रुपवर येतो. त्यामुळे ‘अभ्यास बघतोय’ या उत्तरापुढे आईचं काही चालत नाही. वडील शिरवळच्या कारखान्यात पाळीला नाहीतर पुण्यात कामाला, आजी-आजोबांना त्या यंत्रातलं काही कळत नाही. भातलावणीच्या दिवसांत आई चिखलातून अंधारून आल्यावर घरी येते, तेव्हा धाकटं पोर जेवणाच्या ताटापुढे डब्याला टेकवलेल्या फोनमध्ये बुडालेलं असतं. फोन काढून घेतला तर घास थांबतो, रडारड सुरू होते. दमलेली आई फोन परत ठेवते. तिला यासाठी बोल लावणं सोपं आहे, पण अन्यायाचं आहे.

कारण समोरची बाजू फार तयारीची आहे. मालिकेचा भाग संपतो, पुस्तकाचं पान संपतं. रीलला शेवटच नाही. बोट सरकवत राहावं आणि खाली नवं काही येत राहावं, ही रचना २००६ मध्ये एझा रास्किन या अमेरिकी तंत्रज्ञाने तयार केली आणि पुढे तिच्या परिणामांबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. अंगठा कुठे क्षणभर रेंगाळला याची नोंद होते आणि त्याच जातीचं पुढचं दृश्य समोर येतं. स्वतःला आवरण्याचं काम करणारा मेंदूचा भाग पुरता घडायला विशीचा मध्य उजाडतो. बारा वर्षांच्या मुलाने स्वतःहून थांबावं, ही अपेक्षाच चुकीची आहे.

भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला स्पष्ट आहे: दोन वर्षांखालच्या बाळाला पडदा दाखवूच नये, दोन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी फार तर एक तास. मोठ्या मुलांचं चित्र ‘असर’ या शिक्षण-अहवालाच्या २०२४ च्या पाहणीत दिसतं. ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयोगटातल्या ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन चालवता येत होता. त्यांपैकी आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरणारी ५७ टक्के होती, तर समाजमाध्यमांसाठी वापरणारी ७६ टक्के. आपलं खातं अनोळखी माणसांपासून खासगी कसं ठेवायचं, हे समाजमाध्यमं वापरणाऱ्यांपैकी जेमतेम निम्म्यांहून थोड्या अधिक मुलांना ठाऊक होतं. ही शेवटची गोष्ट सर्वांत काळजीची आहे, विशेषतः मुलींच्या बाबतीत.

यावर एका गावाने शोधलेला उपाय मात्र सह्याद्रीच्या या पट्ट्यात सहज उचलता येईल असा आहे. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे, वस्ती सुमारे तीन हजार. टाळेबंदीनंतर मुलं वर्गात आली ती मरगळलेली, वाचन-लेखनातून मन उडालेली, असं शिक्षकांच्या ध्यानात आलं. ऑगस्ट २०२२ मध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास, सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकाराने महिलांची ग्रामसभा भरली आणि ठरलं: रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजेल, घरोघरचे टीव्ही आणि मोबाईल दीड तास बंद. सुरुवातीला हे जमेल का, अशी शंका होतीच. मग आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक दारोदार फिरले, लोकांना समजावलं. साडेआठपर्यंत मुलं अभ्यासाला बसू लागली.

त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बान्शी गावाने १८ वर्षांखालच्या मुलांना मोबाईलबंदीचा ठराव केला. हेतू चांगला, पण वडगावचा मार्ग अधिक टिकाऊ वाटतो. तिथे नियम मुलांपुरता नाही. बापाचा फोन आणि आजीची मालिकाही थांबते. शिवाय शेजारच्या घरातही तेच चाललेलं असतं, म्हणून ‘बाकीचे बघतात, मलाच का नाही’ हा प्रश्नच उरत नाही. एकट्या आईला जे पेलत नाही, ते गावाला पेलतं.

सरकारंही हलली आहेत. ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खातं ठेवता येत नाही. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरण्याआधी पालकांची संमती आणि मुलांना हेरून जाहिराती दाखवण्यास मनाई या तरतुदी आहेत. पण आईच्याच फोनवर, आईच्याच खात्यावरून रील पाहणाऱ्या पोरापर्यंत असा कायदा कसा पोचणार?

तिथे गावच लागतं, आणि भोर-वेल्ह्यात त्याची तयारी आहे. वाड्या लहान, माणसं एकमेकांच्या ओळखीची. ज्ञान प्रबोधिनीसारख्या संस्थांच्या कामातून उभे राहिलेले महिला बचत गट इथे वर्षानुवर्षं चालू आहेत. महिन्याला एकत्र बसून हिशेब करण्याची आणि निर्णय घेण्याची बायकांना सवय आहे. मुलाला ऑनलाइन कुणी धमकावलं, फसवलं तर १०९८ आणि १९३० हे मदतीचे क्रमांक आहेत, हे याच बैठकांत सांगता येईल.

महाराष्ट्रात नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणं कायद्यानेच बंधनकारक आहे. भोर-वेल्ह्यातल्या मायबहिणींनी पुढच्या सभेत सात वाजताच्या भोंग्याचा विषय मांडावा आणि तो ठरावात लिहूनच उठावं.