निव्वळ शून्याचं गणित: भूतान, ब्रिटन आणि आपण

मागच्या व्याख्यानानंतर एका आजींनी एक प्रश्न विचारला होता, तिथूनच आज सुरुवात करू. त्या म्हणाल्या, "हे २०७० वगैरे सगळं ठीक आहे हो, पण झाडं लावली की झालं ना? आमच्या सोसायटीने गेल्या पावसाळ्यात दोनशे लावली." त्या दिवशी आम्ही घाईत काहीतरी उत्तर दिलं आणि ते धड जमलं नाही. वाटतो त्यापेक्षा प्रश्न मोठा आहे. म्हणून आजचं सगळं व्याख्यान त्या आजींना दिलेलं उशिराचं उत्तर आहे असं समजा.

आधी एक छोटं गणित. एक लिटर पेट्रोलचं वजन साधारण पाऊण किलो भरतं. ते जाळल्यावर कार्बन डायऑक्साइड किती बाहेर पडतो? सव्वादोन किलोहून थोडा जास्तच. शाळेत हे सांगितलं की मुलं हमखास म्हणतात, सर, चुकलं. पाऊण किलोतून सव्वादोन किलो कुठून येणार? उरलेलं वजन हवेतून येतं. कार्बनच्या प्रत्येक बारा भागांना ऑक्सिजनचे बत्तीस भाग येऊन चिकटतात आणि चव्वेचाळीस होतात. म्हणजे आपण टाकीत भरतो त्याच्या तिप्पट वजनाचा वायू मागे सोडून पुढे जातो. तो दिसत नाही, त्याला वास नाही, म्हणून तो मनात बसत नाही. धुराचं तसं नसतं, धूर डोळ्यांना झोंबतो.

आता 'निव्वळ शून्य' म्हणजे काय, ते पाहू. आपल्या सगळ्यांच्या लहानपणी गणिताच्या पुस्तकात एक हौद असायचा. एक नळ हौद भरतो, दुसरा रिकामा करतो, तर हौद किती वेळात भरेल? वातावरण हा तसाच हौद आहे. भरणारा नळ म्हणजे कोळसा, तेल आणि वायू. त्यातून जगभरात वर्षाला साधारण ३,७०० कोटी टन कार्बन डायऑक्साइड येतो. समुद्र, जंगलं आणि माती मिळून जवळपास निम्मा शोषून घेतात, बाकीचा हौदातच साठतो. कारखानदारी सुरू होण्याआधी हवेच्या दहा लाख भागांत हा वायू सुमारे २८० भाग होता. १९५८मध्ये हवाईच्या मौना लोआ डोंगरावर नियमित मोजमाप सुरू झालं तेव्हा तो ३१५च्या आसपास होता. आज ४२०च्या वर गेला आहे.

इथे एक गफलत फार जण करतात, शिकलेसवरलेलेही करतात. 'उत्सर्जन कमी झालं' म्हणजे हौदातलं पाणी कमी झालं, असं नाही. नळ जरा बारीक केला एवढंच. पाणी चढतच राहतं. चढायचं थांबतं ते माणसाने ओतलेलं आणि माणसाने काढून घेतलेलं सारखं झालं की. त्याला म्हणायचं निव्वळ शून्य, किंवा कार्बन तटस्थता. २०१५च्या पॅरिस करारात या शतकाच्या उत्तरार्धात असा तोल साधायचं ठरलं. तापमानवाढ दीड अंशाशी रोखायची तर जगाचा कार्बन डायऑक्साइड २०५०च्या सुमारास निव्वळ शून्यावर यायला हवा, असं हवामान बदलावरच्या आंतरसरकारी समितीने २०१८च्या अहवालात मांडलं. आज प्रत्येक देशाच्या तोंडी जी वर्षं आहेत, म्हणजे स्वीडनचं २०४५, ब्रिटनचं २०५०, चीनचं २०६०, आपलं २०७०, ती सगळी या चर्चेतून आली आहेत.

आता देश पाहू. भूतानबद्दल थोडक्यात, कारण ते उदाहरण फार सांगितलं जातं. २००८च्या राज्यघटनेतच त्यांनी लिहून ठेवलं आहे की देशाची किमान ६० टक्के जमीन कायम वनाखाली राहील. प्रत्यक्षात ती ७० टक्क्यांच्या आसपास आहे. लोकसंख्या आठ लाखांच्या आत. वीज बहुतेक नद्यांवरची, आणि त्यातली बरीचशी आपण विकत घेतो. छुखा प्रकल्प आपल्याच मदतीने १९८०च्या दशकात उभा राहिला. त्यामुळे त्यांची जंगलं जेवढं शोषतात त्यापेक्षा देश बराच कमी सोडतो. कौतुक करावं तेवढं थोडं. पण आमच्या मते, भूतानकडून शिकायचं ते जंगल घटनेत लिहिण्याचं धाडस. त्यांचं गणित नव्हे. आठ लाखांचा हिशेब एकशेचाळीस कोटींना लावता येत नाही. आणि हिवाळ्यात नद्या आटल्या की भूतान आपल्याकडूनच वीज घेतो, तेव्हा त्यात आपला कोळसाही असतो, हे कुणी सांगत नाही.

ब्रिटनकडे मात्र जरा थांबून पाहू. कोळशावरचं जगातलं पहिलं सार्वजनिक वीजकेंद्र १८८२मध्ये लंडनला, होबर्न व्हायडक्टवर सुरू झालं. त्या देशाने २००८मध्ये हवामान बदलाचा कायदा केला. तेव्हाचं उद्दिष्ट होतं २०५०पर्यंत ८० टक्के कपात. २०१९मध्ये ते पूर्ण निव्वळ शून्य केलं. पण या कायद्यातली खरी गंमत २०५०मध्ये नाही. पन्नास वर्षांनंतरचं वचन द्यायला काय लागतं? वचन देणारा तेव्हा नसतोच. गंमत अशी की कायद्याने दर पाच वर्षांचं 'कार्बन अंदाजपत्रक' बांधून दिलं, आणि सरकार ते पाळतंय का हे बघायला एक स्वतंत्र समिती नेमली. समिती संसदेला अहवाल देते, आणि सरकार मागे पडत असेल तर तसं लेखी सांगते. किराण्याच्या वहीसारखं आहे हे. उधारी महिन्याला लिहिली तर फिटते, "वर्षाअखेरीस बघू" म्हटलं की बुडते.

३० सप्टेंबर २०२४ रोजी ब्रिटनमधलं कोळशावरचं शेवटचं वीजकेंद्र, रॅटक्लिफ-ऑन-सोर, बंद झालं. १४२ वर्षांचा हिशेब मिटला. ही बातमी आपल्याकडेही छापून आली. त्याच दिवशी वेल्समधल्या पोर्ट टॅल्बोटला पोलाद कारखान्याची शेवटची झोतभट्टीही विझली, ती बातमी मात्र फार कुणी वाचली नाही. कारखाना टाटा स्टीलचा. दगडी कोळशाच्या कोकवर चालणाऱ्या भट्टीऐवजी तिथे भंगार वितळवणारी विजेची भट्टी बसणार आहे. कार्बन खूप कमी होईल, पण दोन हजारांहून जास्त नोकऱ्या गेल्या. आणि त्याच सप्टेंबर महिन्यात ओडिशात कलिंगनगरला त्याच कंपनीची भारतातली सर्वांत मोठी झोतभट्टी सुरू झाली.

यात कुणाचा दोष काढायचा म्हणून हे सांगत नाही. भारताला पोलाद हवं आहे. पूल, रेल्वे, पवनचक्क्यांचे खांब, सगळं त्याचंच होतं. पण हौद एकच आहे, हे इथे दिसतं. प्रत्येक देश आपापल्या सीमेच्या आत निघालेला धूर मोजतो. एखाद्या देशाने पोलाद करायचं बंद करून बाहेरून आणलं, तर त्याची वही स्वच्छ दिसते आणि तो धूर दुसऱ्याच्या वहीत जातो. ब्रिटनचं उत्सर्जन १९९०च्या तुलनेत निम्म्यावर आलं आहे. त्यातला मोठा भाग खराखुरा आहे, कोळशाची वीज गेली म्हणून. पण काही भाग असा, कारखाने दुसरीकडे गेले म्हणून.

आता आपल्याकडे येऊ. १ नोव्हेंबर २०२१ रोजी ग्लासगोच्या परिषदेत पंतप्रधानांनी २०७० हे वर्ष जाहीर केलं. उशिराचं म्हणून बाहेर टीका झाली. आमचं मत वेगळं आहे. आपलं माणशी उत्सर्जन वर्षाला दोन टनांच्या आसपास, जगाची सरासरी साडेचार टनांच्या पुढे, अमेरिकेची चौदाच्या घरात. ज्यांनी हौद आधी भरला त्यांनी नळ आधी बंद करावा, यात गैर काही नाही. पण म्हणून आपल्याला निवांत बसता येईल असंही नाही, ते पुढे पाहू.

२०२२मध्ये आपण संयुक्त राष्ट्रांना लेखी दिलं की २०३०पर्यंत वीजनिर्मितीच्या स्थापित क्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा-वायूविना असेल. हे उद्दिष्ट २०२५च्या जूनअखेर, पाच वर्षं आधीच गाठलं गेलं. ४८५ गिगावॉटपैकी जवळपास २४३. अभिमान वाटावा असंच आहे. पण 'क्षमता' हा शब्द नीट वाचा. क्षमता म्हणजे पंगतीत किती पानं मांडली. किती जण जेवले, हे वेगळं. सौर पॅनल रात्री झोपतं, ढगाळ दिवशी अर्धवट चालतं, कोळशाचं केंद्र मात्र चोवीस तास चालवता येतं. त्यामुळे क्षमता निम्मी असूनही प्रत्यक्षात तयार होणाऱ्या विजेत कोळशाविनाचा वाटा साधारण चौथा हिस्साच आहे. घरात जळणाऱ्या दर युनिटमागे आजही सरासरी सातशे ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो.

अडचण संध्याकाळची आहे. दुपारी सूर्य भरभरून देतो, पण मागणी सूर्य मावळल्यावरही मोठीच असते, घरोघरी दिवे, पंखे, एसी लागतात तेव्हा. दुपारची वीज संध्याकाळपर्यंत ठेवायची कुठे? एक उत्तर सह्याद्रीत आहे. अकोले आणि शहापूरच्या सीमेवर घाटघरला दोन धरणं आहेत, एक घाटमाथ्यावर, एक खाली कोकणात. वीज जास्त असेल तेव्हा पाणी वर चढवायचं, कमी पडली की खाली सोडून जनित्र फिरवायचं. २५० मेगावॉटचा हा प्रकल्प २००८मध्ये सुरू झाला, तेव्हा पाणी चढवायचं ते रात्री, कारण तेव्हा रात्रीची वीज जादा असायची. आता जादा वीज दुपारी असते. यंत्र तेच, घड्याळ उलटं.

दुसरं उत्तर आणखी साधं आहे: जे काम दुपारी करता येतं ते दुपारी करा. महाराष्ट्रात शेतीच्या पंपांना वर्षानुवर्षं रात्रीची वीज मिळाली. थंडीत दोन वाजता उठून, विंचू-सापाच्या भीतीने बॅटरी घेऊन मोटर चालू करायला जाणारा शेतकरी आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. २०१७मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत गावाजवळच सौर प्रकल्प उभारून शेतीच्या वाहिनीला दिवसा वीज द्यायची आहे. इथे साठवणुकीची गरजच पडत नाही, विहिरीला काय, ऊन असताना उपसलं काय आणि रात्री उपसलं काय. हवामानासाठी केलेली गोष्ट आणि शेतकऱ्याची जुनी मागणी इतकी नेमकी जुळलेली फार थोड्या ठिकाणी दिसते.

विजेचं एकवेळ जमेल. सिमेंटचं अवघड आहे. चुनखडी भाजल्याशिवाय सिमेंट होत नाही, आणि शंभर किलो शुद्ध चुनखडी पूर्ण भाजली की चव्वेचाळीस किलो कार्बन डायऑक्साइड तिच्यातूनच निघतो. भट्टी सूर्यावर चालवली तरी निघतो, तो दगडाचाच गुण आहे. चंद्रपूर जिल्हा घ्या. कोळशाच्या खाणी तिथे, २,९२० मेगावॉटचं औष्णिक केंद्र तिथे, सिमेंटचे कारखानेही तिथेच. उद्या निव्वळ शून्याचं काम मनावर घेतलं तर सगळ्यात आधी त्या जिल्ह्यातल्या घरांना विचारावं लागेल की तुमच्या मुलांनी काय करायचं. पोर्ट टॅल्बोट हे एक गाव होतं, त्यांच्याकडे बेकारी भत्ता होता. आपल्याकडे खाणीवर एक जण कायम नोकरीत असतो, आणि त्याच्यामागे कंत्राटी कामगार, ट्रकवाले, चहाच्या टपऱ्या.

पैसा नाही असं म्हणतात, त्यावर एक जुनी गोष्ट. २०१०मध्ये आपण कोळशावर टनामागे ५० रुपये उपकर लावला, स्वच्छ ऊर्जेसाठी. २०१६पर्यंत तो ४०० रुपये झाला. २०१७मध्ये वस्तू आणि सेवा कर आल्यावर तो राज्यांना द्यायच्या भरपाईच्या उपकरात मिसळला. कोळशातून आलेला पैसा कोळशातून बाहेर पडायला वापरायचा, ही कल्पना चांगली होती आणि ती आपलीच होती. ती परत आणावी असं आम्हाला वाटतं, आणि या वेळी पैसा खाणीच्या जिल्ह्यांत खर्च व्हावा.

आता आजींचा प्रश्न. भारताने संयुक्त राष्ट्रांना दिलेल्या हिशेबाप्रमाणे २०२० साली देशाचं उत्सर्जन, सगळे हरितगृह वायू धरून, सुमारे २९६ कोटी टन होतं. जंगलं, झाडं आणि जमीन यांनी त्यातलं सुमारे ५२ कोटी टन परत घेतलं. टाळेबंदीच्या वर्षाचा हा आकडा आहे, म्हणजे उत्सर्जन एरवीपेक्षा कमी असताना. आजी, तुमची दोनशे झाडं त्या ५२ कोटींच्या बाजूला आहेत, ती जगवा. पण उरलेल्या २४४ कोटींना तेवढी झाडं लावायला जमीन कुठून आणायची? शिवाय झाड वणव्यात जळतं, रस्ता रुंद करताना तुटतं, आणि त्याच्यातला कार्बन परत हवेत जातो. कोळशातला कार्बन मात्र कोट्यवधी वर्षं जमिनीखाली गपगुमान पडून होता. तो काढून झाडावर ठेवणं म्हणजे बँकेच्या तिजोरीतले पैसे काढून शर्टाच्या खिशात ठेवणं.

शेवटी एवढंच एक पाहू. कोळशाचं वीजकेंद्र एकदा बांधलं की चाळीसेक वर्षं चालवतात. आज मंजूर झालेलं केंद्र पाच वर्षांत उभं राहिलं तर २०३०च्या आसपास सुरू होईल आणि २०७०पर्यंत जळत राहील, नाहीतर कर्ज फिटायच्या आधी बंद करावं लागेल. म्हणजे २०७०चा निर्णय २०७०ला घ्यायचा नाहीये. तो या वर्षीच्या निविदांमध्ये घेतला जातो आहे. ब्रिटनसारखी पाच-पाच वर्षांची कायद्याने बांधलेली वही आपल्याकडे अजून नाही. ती असावी का, आणि ती दिल्लीने लिहावी की राज्यांनी, यावर तुमच्यापैकी काही जणांचे प्रश्न चिठ्ठ्यांवर आलेले दिसतात. ते आता घेऊ.